वहिनींचा स्वतःचा रिपोर्ट

घोडेगावला तहसील कचेरीत मी रांगेत उभी होते. आईच्या जमिनीच्या उताऱ्यावर नाव चुकलं होतं, त्याची दुरुस्ती करून घ्यायची होती. सकाळची वेळ, पुढे बरीच माणसं. फोन वाजला तो अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. “कुंदे, शैलजा गेली...” एवढं म्हणून तो थांबला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि दवाखान्यातली कुठलीशी ट्रॉली ढकलल्याचा आवाज. मग म्हणाला, “तिनं सांगितलं होतं तसंच झालं.” मागच्या माणसानं हळूच म्हटलं, “ताई, सरका की म्होरं.” आणि मी सरकले. खिडकीपाशी पोचले, कागद दिले, सही केली, नाव दुरुस्त करून घेतलं. बाहेर झेरॉक्सच्या टपरीपाशी आले आणि तिथल्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी रडले. टपरीवाल्यानं पाण्याची बाटली पुढे केली. काय झालं म्हणून विचारलं नाही.

या गोष्टीला महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, “एवढी डॉक्टर बाई, आणि साध्या मुतखड्यानं गेली!” मुतखड्यानं नाही गेली वहिनी. ज्यानं गेली त्याला ती नावानिशी ओळखत होती. उभं आयुष्य तिनं त्याच्यावर नजर ठेवण्यात घालवलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत बसणं जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शैलजावहिनी जुन्नर तालुक्यातलीच, बोरीच्या पुढे कालव्याकाठच्या एका मळ्यातली. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दत्तूदादांनी, शाळा सोडून मळा सांभाळला आणि बहिणीला पुण्याला डॉक्टरकीला धाडलं. मळ्यात कोंबड्यांची पहिली शेड पडली ती तेव्हाच. हॉस्टेलवर आपण जेवलो ते दादाच्या कोंबड्यांच्या जिवावर, असं वहिनी स्वतः सांगायची, कुणासमोरही सांगायची. पुढे वर्गातल्या मुलींनी बाळंतपणाचा, लहान मुलांचा असे विषय घेतले. हिनं जंतूंचा विषय घेतला, त्यात एम. डी. केलं, आणि माझ्या भावाशी लग्न करून पुन्हा जुन्नरला आली. आमची आई भोळी. नवी सून डॉक्टर म्हणून तिनं गावभर सांगितलेलं, आणि ही तर कुणाला तपासत नाही, गोळी देत नाही. आईनं एकदा विचारलंच, “म्हणजे तू औषध देणार नाहीस?” वहिनी म्हणाली, “नाही आई. कुठलं औषध लागू पडेल ते सांगणार.” आईनं थोडा विचार केला. “मग देणार कोण?” यावर दोघीही हसल्या. पण आईचा प्रश्न खरा होता. वहिनी सांगेल ते देणारे डॉक्टर मिळायला तिला पुढे कितीतरी वर्षं घालवावी लागली.

खाली बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, आणि वरच्या दोन खोल्यांत हिची लॅब. खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर दिसायचा, पण तिकडे बघायला तिला सवड नसायची. रोग्याच्या रक्तातले, लघवीतले, पुवातले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि कुठल्या औषधानं मरतात ते बघायचं, हे तिचं काम. प्लेट म्हणजे झाकणाची पसरट वाटी, तिच्यात खळीसारखा घट्ट थर, आणि काही थरांत मेंढीचं रक्त मिसळायचं. जंतू त्यावर पोसतात. तेव्हा तयार प्लेटा इकडे वेळेवर पोचायच्या नाहीत, म्हणून रानात मेंढ्यांचा वाडा बसला की वहिनी स्वतः रक्त आणायला जायची. एकदा मीही बरोबर होते. धनगरीण मेंढीची मान धरून उभी, वहिनी सुईनं बाटलीत रक्त घेतेय. ती बाई म्हणाली, “डाक्टरीणबाई, मेंढरू आजारी न्हाई, मंग रगत कशापायी?” वहिनी म्हणाली, “जंतूंना जेवायला घालायचंय.” “आन जेवू घालून?” “मग मारायचं.” बाई खळखळून हसली. “म्हंजी बोकडावानीच की!” परत येताना गाडीवर वहिनी वाटभर ते आठवून हसत होती. तिचं तसं हसणं मला फार वेळा ऐकायला मिळालं नाही.

मी मंचरला शाळेत मराठी शिकवायचे. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला संपलेला. पण सुट्टीत जुन्नरला गेले की स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता वहिनी मला शिकवायची, आणि तिचं शिकवणं डोक्यात राहायचं. म्हणायची, औषधांच्याही भावक्या असतात कुंदा. पेनिसिलीनची भावकी सगळ्यात मोठी. जंतूला भिंत असते, आपल्या पेशीला नसते. ही भावकी ती भिंतच बांधू देत नाही, म्हणून जंतू फुटतो आणि आपण वाचतो. अमॉक्सिसिलीन त्यातलंच, ‘सेफ’नं सुरू होणारी औषधं त्यातलीच, आणि मोठ्या दवाखान्यात जपून वापरायचं मेरोपेनेम तेही त्याच रक्ताचं. दुसरी भावकी जेंटामायसिन, अमिकासिनची. ती जंतूच्या आत शिरून त्याचा स्वयंपाक बिघडवते, त्याला लागणारी प्रथिनं धड बनू देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनची तिसरी. जंतू एकाचे दोन होताना आतला पीळ सोडवावा लागतो, तोच ती सोडवू देत नाही. आणि जंतूही दोन रंगांचे. काचेवर रंग टाकला की गळवातले, घशातले काही जांभळे दिसतात, लघवीतला ई. कोलाय, न्यूमोनियातला क्लेब्सिएला हे गुलाबी. जांभळ्यांना एकच जाड भिंत. गुलाब्यांची भिंत पातळ, पण वरून आणखी एक कातडं, त्यामुळे औषध आत शिरणंच मुश्कील. “ह्या गुलाब्यांची मला भीती वाटते,” असं ती म्हणायची. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. आणि सर्दीच्या विषाणूला ना भिंत ना स्वयंपाक. त्याला यातलं एकही औषध काही करत नाही, हे तर तिनं आमच्या घरादाराला, शेजाऱ्यांना, खालच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगून सांगून कंटाळा आणला होता.

पण एकदा तिचं ऐकलं गेलं, ते सांगायला हवं. डिंभ्याच्या धरणामागच्या एका वाडीतली बाई, नुकतीच बाळंत झालेली, तापानं फणफणत मंचरच्या एका डॉक्टरांकडे आणली होती. वाटेत दोन ठिकाणी तिला निरनिराळी भारी इंजेक्शनं देऊन झाली होती. तिच्या रक्ताची बाटली एसटीनं जुन्नरला आली. दुसऱ्या दिवशी वहिनीनं दुर्बिणीत बघितलं, तर जांभळे मणी माळेत ओवल्यासारखे. तिनं फोन उचलला. “साखळी आहे. पेनिसिलीन द्या, भरपूर द्या. जोडीला क्लिंडामायसिन.” डॉक्टर चिडले. “मॅडम, बाई जायला टेकलीये आणि तुम्ही पेनिसिलीन सांगताय? आमच्या आजोबांच्या वेळचं औषध ते!” वहिनी शांतपणे म्हणाली, “ह्या जंतूला ते कळलेलं नाही डॉक्टर. तो अजून त्यालाच मरतो.” डॉक्टरांनी ऐकलं. बाई वाचली. पुढच्या सुगीनंतर ती पोरीला कडेवर घेऊन लॅबच्या जिन्यात उभी राहिली, पदराआड फडक्यात बांधलेली नाचणी घेऊन. ‘तुमीच का त्या रगत बघणाऱ्या?’ म्हणाली. वहिनीनं त्या नाचणीची भाकरी स्वतः थापली, आणि तिला भाकरी कधीच धड जमायची नाही, म्हणून अण्णानं ती चिरफाळलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

नंतर नंतर मात्र तिचं बोलणं कमी होत गेलं. प्लेटवर जंतूंचा पातळ थर पसरून त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि मोकळं वर्तुळ पडतं. सुरुवातीला ही वर्तुळं ऐसपैस असायची, एकमेकांना भिडायची. वर्षागणिक ती आकसत गेली. काही टिकल्यांना जंतू अगदी कडेपर्यंत येऊन चिकटू लागले. रिपोर्टात औषधाच्या नावापुढे एस असेल तर ते चालतं, आर असेल तर चालत नाही. “पूर्वी मी आर लिहिताना पुन्हा एकदा तपासायचे,” ती म्हणाली होती, “आता एस आला की पुन्हा तपासते.” एका दुपारी अण्णा घरी आला तर ती अंगणात पायरीवर बसलेली, पायात चपला तशाच, पर्स खांद्याला तशीच. एका नवजात बाळाचं रक्त तिच्याकडे आलं होतं. क्लेब्सिएला. ती डॉक्टरांना फोन करून सांगेपर्यंत बाळ गेलं होतं, आणि सांगण्यासारखं तरी काय होतं, जवळजवळ सगळ्या औषधांपुढे आर. अण्णानं पाणी आणून दिलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, त्या बाळानं आयुष्यात एक गोळी खाल्ली नव्हती. त्याला हे जंतू तयारच मिळाले...” त्यानंतर ती पाणी प्यायली आणि तिनं आत जाऊन कुकर लावला.

आता दत्तूदादांबद्दल. लिहू की नको असं पुष्कळ दिवस वाटत होतं. त्यांनीच परवा सांगितलं, “लिव्हा ताई. दडवू नगा.” म्हणून लिहिते.

एका भाऊबीजेला वहिनी माहेरी गेली होती. अण्णा आणि मीही होतो. एका शेडच्या एव्हाना तीन झाल्या होत्या. ओवाळून झाल्यावर वहिनी सहज मागच्या खोलीत गेली, तिथे खाद्याची पोती आणि औषधांची पाकिटं असायची. तिथून बाहेर आली ती हातात एक पाकीट घेऊन, आणि तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा. “दादा, हे काय घालतोस?” दादा म्हणाले, “खाद्यात टाकायचं पावडर हाय. पक्षी लवकर भरतो, हगवण लागत न्हाई. समदी पंचक्रोशी टाकतीया.” वहिनी म्हणाली, “दादा, हे कोलिस्टिन आहे. माणसावर काहीच चालेना, की सगळ्यात शेवटी डॉक्टर हे देतात. याच्यापुढं काही न्हाई रे. आणि तू पोत्यानं कोंबड्यांना घालतोस?” दादांना ते चारचौघांत लागलं. ते म्हणाले, “रोग येऊन शेड बसली तर तू येणारेस का पक्षी भरून द्यायला? आमी काय चोऱ्या करतो? दुकानात उघड्यावर मिळतंय.” ते खरंच होतं, तेव्हा ते उघड्यावर मिळत होतं. वहिनी म्हणाली, “ह्या शेडीतले जंतू हे औषध पचवायला शिकतात दादा. मग कोंबडखतातून रानात जातात, पाण्यात जातात, माणसात येतात. तुझ्याच घरात येतील.” यावर दादा जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, “ह्याच कोंबड्यांनी तुला डाक्टर केली. तवा न्हाई जंतू दिसलं?”

वहिनी ताटावरून उठली नाही. जेवली, निरोप घेतला, वहिनीच्या वहिनीनं ओटी भरली ती घेतली. पण त्यानंतर भाऊबीजेला गेली नाही. दादाही आले नाहीत. पुढे सरकारनं जनावरांच्या खाद्यात ते औषध घालायला बंदी केली. ती बातमी वाचून अण्णा म्हणाला, “आता तरी फोन कर.” ती म्हणाली, “करते,” आणि केला नाही. दोघं बहीणभाऊ सारखेच हट्टी. वर्षं गेली.

आजाराला सुरुवात झाली ती अगदी किरकोळ. पाठीत कळ आली, तपासलं तर मूतखडा. पुण्यातल्या एका रुग्णालयात तो काढला, आत नळी ठेवली आणि ती घरी आली. आठवडाभरानं थंडी वाजून ताप भरला. पहिल्या थंडीतच तिनं अण्णाला सांगितलं, “पुण्याला चला. आणि गोळी द्यायच्या आधी माझं रक्त आणि लघवी कल्चरला घ्यायला सांगा.” पुन्हा भरती झाली. एक औषध सुरू झालं, ताप हटेना. मग मेरोपेनेम. मी तिच्या उशाशी बसलेली असायचे. ती डोळे मिटून पडलेली असली तरी सलाईनला कुठली बाटली लागतेय ते तिला कळायचं, नर्सला विचारून घ्यायची.

रिपोर्ट आला तेव्हा एक तरुण डॉक्टरीण तो घेऊन आली. अण्णाला बाहेर बोलवू लागली. वहिनी म्हणाली, “त्यांना नाही कळायचं. मला सांग.” मुलगी घोटाळली. म्हणाली, “मॅडम, सर येऊन बोलतील.” “सर येतील तेव्हा येतील. जंतू कुठला?” “क्लेब्सिएला.” वहिनीनं मान हलवली, जणू दारात ओळखीचं कुणी आलं होतं. “अमिकासिन?” “आर.” “सिप्रो विचारत नाही. मेरो?” “आर, मॅडम.” थोडं थांबून वहिनीनं विचारलं, “कोलिस्टिन?” त्या मुलीनं नुसती मान खाली घातली. वहिनीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “रिपोर्ट चांगला केलाय लॅबनं. पटकन केलाय.” मला आजवर कळलेलं नाही, की ती त्या पोरीची समजूत घालत होती की तिला खरंच तसं वाटलं होतं. बहुतेक दोन्ही.

डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, हे सांगायला हवं. दोन नव्या औषधांची जोडी मागवली, ती सुरू केली, आणि मधे ताप उतरलाही. अण्णा त्या दिवशी खाली जाऊन पोटभर जेवून आला. वहिनीनं मला जवळ बोलावून म्हटलं, “कुंदा, अण्णाला फार आशा लावू देऊ नकोस. लघवी कमी होतेय माझी.” मी म्हटलं, “असं नको ना बोलूस.” ती म्हणाली, “बरं, नाही बोलत.” आणि खरोखरच त्यानंतर त्या विषयावर माझ्याशी बोलली नाही. मी गप्प केली नसती तर आणखी काय बोलली असती, हे आता मला छळतं.

दत्तूदादा आले ते दुपारी, भेटायच्या वेळेत. कुणी कळवलं होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अंगावर दवाखान्याचा निळा झगा, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. त्या अवतारात मी त्यांना ओळखलंच नाही, चालण्यावरून ओळखलं. पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. वहिनीनं डोळे उघडले आणि म्हणाली, “दादा. जेवलास का?” इतक्या वर्षांनी पहिला शब्द तो. दादांनी मान हलवली, जेवलो की नाही जेवलो ते कळलं नाही. मग ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ तिच्या पांघरुणाची कड दुमडत राहिले, सोडत राहिले. शेवटी म्हणाले, “शैला, एक इचारू?”

“इचार की.”

“अण्णांनी सांगितलं मला, त्ये औषदबी चालंना म्हून... त्येच ना त्ये? पाकिटातलं?”

“व्हय. त्येच.”

“मंग ह्ये माज्या कोंबड्यांपायी झालं का गं?”

मी मनात म्हणत होते, नाही म्हण. वहिनी, एकदा नाही म्हण. तो म्हातारा माणूस आहे, त्यानं तुला वाढवलंय, त्याला हे घेऊन घरी जाऊ देऊ नकोस. वहिनी माझी हुशार होती, तिला माझं मन कळत असणार. ती दादांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दादा, सांगता येत न्हाई.”

“न्हाई म्हन की मंग.”

“न्हाई कसं म्हनू? व्हयबी म्हनता येत न्हाई, न्हाईबी म्हनता येत न्हाई. दवाखान्यातून आलं आसंल, पान्यातून आलं आसंल, म्या सोता हयातभर ह्याच जंतूंत हात घातलं, त्यातून आलं आसंल. कुठनं आलं ह्ये कुनालाच सांगता येनार न्हाई.” एवढं बोलून तिला धाप लागली. नर्स आली, मास्क नीट केला. दादा म्हणाले, “न्हाई घालत मी आता त्ये. लई दिस झालं बंद करून.” वहिनी मास्कच्या आतून म्हणाली, “चांगलं केलंस.” नंतर तिनं हात पुढे केला. दादांनी तो दोन्ही हातांत धरला आणि वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत सोडला नाही.

बाहेर आल्यावर मी अण्णावर चिडले. म्हटलं, एका शब्दानं काय बिघडलं असतं? अण्णा म्हणाला, “तिनं आयुष्यात चुकीचा रिपोर्ट कुणाला दिला नाही कुंदे. भावाला कसा देईल?” हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. खोटं बोलून दादांचं ओझं उतरलं असतं का, की त्यांना ते खोटं आहे हे कळलं असतं आणि जास्तच जड झालं असतं... मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. मरतानाही ती खरंच बोलली याचा अभिमान वाटावा, तर दादांचा तो चेहरा डोळ्यांपुढे येतो. रागवावं, तर दोघांचे ते धरलेले हात.

त्यानंतर तिचा रक्तदाब टिकेना, मूत्रपिंडं थांबली, श्वासाची नळी घातली. बोलणं तिथेच संपलं. आणि मग घोडेगावला रांगेत आलेला तो फोन.

लॅबच्या खोल्या अण्णानं रिकाम्या करून दिल्या. तालुक्यात आता हे काम करणारं दुसरं कुणी नाही. रक्ताच्या बाटल्या गाडीनं पुण्याला जातात, उत्तर यायला वेळ लागतो, आणि तोवर डॉक्टर अंदाजानं औषध देतात. त्यांचाही इलाज नसतो. मंचरचे ते डॉक्टर भेटायला आले होते. आता म्हातारे झालेत. म्हणाले, “मॅडमचा फोन यायचा तेव्हा आधी राग यायचा. आता फोन वाजला की वाटतं, त्यांचाच असावा.”

गेल्या आठवड्यात अण्णाला घेऊन मी दत्तूदादांच्या मळ्यावर गेले. तिन्ही शेड रिकाम्या होत्या. शेवटची बॅच गेल्यावर त्यांनी पिल्लं आणलीच नाहीत. खाली अंथरलेलं तूस काढलेलं, जमिनीवर चुना मारलेला, बाजूचे पडदे गुंडाळून वर बांधलेले. ऊन सरळ आतून आरपार पडलं होतं. शेजारच्या मळ्यातल्या शेडमधून मात्र पक्ष्यांचा कलकलाट येत होता, सतत, पाण्याच्या मोटारीसारखा. मी विचारलं, आता काय करणार? दादा म्हणाले, “काय ठरवलं न्हाई. रोज सकाळी येतो, एक चक्कर मारतो.” त्यांनी आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. दाखवण्यासारखं काही नव्हतं, तरी दाखवलं. अण्णा खांबांना हात लावत मागून चालत होता.

बाहेर पडायच्या दाराशी एक नळ आहे आणि नळाशेजारी भिंतीत एक छोटा कोनाडा. दादांच्या घरच्यांनी मागाहून मला सांगितलं, की हा नळ शैलाताईंनीच बसवायला लावला होता, त्या येत होत्या तेव्हा. शेडमध्ये शिरताना आणि निघताना हात धुवायचे, हा तिचा हुकूम. भांडणानंतर त्या नळाकडे कुणी फिरकलं नव्हतं, तोटीला गंज चढला होता. आता तोटी नवी होती आणि कोनाड्यात साबणाची कोरी वडी होती, नुकती कागदातून काढलेली, अक्षरंसुद्धा न झिजलेली.

दादा तिथे थांबले. बाह्या वर केल्या, साबण घेतला आणि हात धुवायला लागले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, अंगठा मुठीत धरून फिरवत, मनगटापर्यंत. कसलीही घाई नव्हती. पाणी चुन्यावरून पांढरं होऊन वाहत गेलं. मग बाजूला होऊन ते आम्हाला म्हणाले, “या, तुमीबी धुवा.” अण्णा पुढे झाला. त्याच्यानंतर मी. एकामागून एक आम्ही तिघांनी हात धुतले. मागे शेडमध्ये एकही पक्षी नव्हता.